पहिला घास

मु. पिपरटोला, तालुका गडचिरोली
ता. ११ मार्च १९५६

चिरंजीव उमाजीस डोमाचा आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तराला उशीर झाला, राग धरू नको. डोळ्यांना पाणी येतं, अक्षर हलतं, आणि माझं शिक्षण ते केवढं! दोनदा लिहून फाडलं. इकडे मोहफुलं पडू लागलीत. तुझ्या वहिनीचा दमा तसाच आहे. चांद्यात तुला काम मिळालं की नाही, ते तू लिहिलं नाहीस. रुखमा बरी आहे ना? कुंताला माझा आशीर्वाद सांग.

कुंताचं लग्न ठरतंय म्हणतोस. मुलाकडच्यांचं म्हणणं बरोबरच आहे. जातीनं टाकलेल्या घरची लेक कोण करील? पंच तुला परत घ्यायला तयार झाले, जातीला जेवण घाल म्हणाले. पण त्या जेवणात पहिला घास घरच्या वडीलधाऱ्यानं उचलायचा. तोवर पंगतीत कोणी भाताला हात लावत नाही. वडीलधारा म्हणजे मी. म्हणून इतकं गोड पत्र!

भाऊ घास उचलेल की नाही, याचा तुला घोर लागलाय. मलाही लागलाय. जेवताना हात थांबतो.

मागच्याच्या मागच्या दिवाळीची मंडईची जत्रा आठव. तलावाचं पाणी अडवायचं-सोडायचं लाकडी तुडूम कुजलं होतं. ते बदलायला साऱ्या ढिवरपुऱ्यानं मासोळ्या विकून पैसा जमवला आणि तुझ्या हाती दिला. तू सोसायटीचा अध्यक्ष ना! त्याच पैशात तू नागपूरचा बँड आणलास, नाटक कंपनी आणलीस, गावभर गॅसबत्त्या लावल्यास. आणि जमीनदाराचा हत्ती भाड्यानं! वर तू, जरीचा फेटा बांधून. मी ओरडलो तर वरूनच म्हणालास, "भाऊ, ढिवराचं पोरगं हत्तीवर बसलं, पाहून तं घे!"

माझा इस्तारी खालून म्हणाला, "काकाजी, पावसाळ्यात या हत्तीलेच तुडुमात बसव. पानी थोच अडवन!"

सारे हसले. तूही हसलास.

श्रावणात तुडूम फुटलं. सकाळी पाहतो तर तलावात नुसता चिखल. धानाच्या बांध्यांमध्ये मासोळ्या तडफडत होत्या. पुढे पाण्यावाचून धान वाळलं. पंचांनी तुला टाकलं आणि तू चांद्याला निघून गेलास. आम्ही कुठे जाणार? वैनगंगेवर गेलो. आपण तलावाची माणसं, डोह आपल्याला काय कळतो!

इस्तारीचं पत्र का नाही, असं तू विचारतोस. तुला खरंच कोणी सांगितलं नाही, की माझ्याकडूनच ऐकायचं होतं?

ऐक तर. जाळं फेकताना दोरी मनगटाला बांधायची आपली सवय. तलावात ती चालते. पौषात त्यानं डोहाच्या धारेतही तशीच बांधली. धारेनं जाळं ओढलं, जाळ्यानं त्याला. दुसऱ्या दिवशी खालच्या गावी सापडला. मनगटाची दोरी गोकुळानं स्वतः कापली. सून आहे माझी, पण त्या दिवसापासून तिच्याकडे मान वर करून बघवत नाही.

मी पंचांना सांगून ठेवलंय. माझ्या पत्रावळीवर भात गोकुळा वाढील. तिनं वाढला तर मी घास उचलीन. तिनं पत्रावळ उलटी केली तर मी उठेन, माझ्यामागे सारी पंगत उठेल. पंच कबूल झाले.

मी तिला विचारलं, "बाई, तू काय करशीन?"

म्हणाली, "मामाजी, पह्यले त्याले येऊ द्या. सब्बन गावासमोर मले भात माग म्हना."

"मंग वाढशीन?"

ती चूल फुंकत राहिली.

कुंता माझ्या मांडीवर खेळली, तिचा काही गुन्हा नाही, हे मला कळतं. इस्तारीचा तरी काय होता? लेकीच्या तोंडाकडे पाहत तूही थोडे दिवस काढ.

जेवण साधंच कर. दिवस कोणता धरलास, ते उलट टपाली कळव. फार वाट पाहायला लावू नको. गोकुळा रोज विचारते.

तुझा भाऊ,
इस्तारीचा बाप डोमा