आरशातले बाबा

४ जून

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

तुझी खुशाली कळून बरेच दिवस झाले. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तोंड दुखत असेल, बहिणीसाठी शब्द उरत नसतील, असं समजून मीही गप्प होते. इथे सगळं ठीक. आमच्या चष्म्याच्या दुकानात सध्या शाळेच्या मुलांची गर्दी आहे. आया पोरांना ओढत आणतात, पोरं आरशात बघून फुगून बसतात, आणि मी फ्रेमच्या दांड्या घट्ट करत बसते.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. परवा साबण आणि ब्लेड विकणारा एक फिरता विक्रेता वाचायचा चष्मा करायला आला. बोलता बोलता कळलं की तो तुझ्याही सलूनमध्ये माल देतो. मी तुझी बहीण म्हटल्यावर एकदम खूश झाला. म्हणाला, तुमचा मुलगा फार गुणी हो, संध्याकाळभर मामाच्या दुकानात कोपऱ्यात बसलेला असतो, पण तोंडातून चकार शब्द काढत नाही. अरे बाळ्या, मला दोन मुली, दोघी नोकरीला लागलेल्या. मुलगा मला कधी झाला ते मलाही कळू दे की! तुझे भावोजी तेव्हापासून माझी जाम खेचताहेत.

त्याचा काहीतरी घोळ झाला असणार. तरी उलगडा कर. आणि तुझा टिल्लू कसा आहे? कानाला ऐकायची मशीनं लावून वर्ष होत आलं असेल ना? पाच वर्षांचं पोर, आता चुरुचुरु बोलायला हवं. त्याला माझ्याकडून एक गालगुच्चा.

वाट बघणारी,
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. त्या विक्रेत्याचं काय घेऊन बसलीस! गावोगाव फिरतो, कुठल्याही भाच्याला कुठल्याही मामाला चिकटवतो. भावोजींना सांग, नव्या पाहुण्याचं जावळ माझ्याकडून फुकट.

टिल्लू मजेत आहे. कमी ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या त्याच्या बाई फार चांगल्या आहेत. त्या सांगतात, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन कानावर हवं, आणि आपण जे करू ते बोलत राहायचं. भाजी चिरताना भाजीचं, बटण लावताना बटणाचं. ऐकेल तेवढंच बोलेल, आणि ही वर्षं पुन्हा मिळायची नाहीत म्हणतात. पुढच्या वर्षी त्याला घराजवळच्या नेहमीच्या शाळेत घालायचं की नाही, ते त्याच्या बोलण्यावर ठरणार आहे.

हिची दुपारपाळी असते, त्यामुळे शाळा सुटल्यावर दुकान बंद होईपर्यंत तो माझ्याकडेच. सध्या त्याचं घोडं जरा अडलंय. घरात एवढा बोलका बाप असून शब्द का वाढत नाहीत, असं बाई परवा विचारत होत्या. आता मी काय सांगणार? लागतो वेळ एखाद्याला.

लोभ आहेच, त्यात भर घाल.

तुझा,
बडबड्या

२ जुलै

ती. ताईंना,
शि. सा. न.

मी सहसा लिहीत नाही, पत्रांचं खातं यांच्याकडे. पण गेल्या आठवड्यापासून हे घरात तोंडच उघडत नाहीत. जेवतात, उठतात, भिंतीकडे बघत बसतात. यांच्यासारख्या माणसाने असं करायचं म्हणजे माझा तर जीव घाबरा झालाय.

झालं ते असं. टिल्लूच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. आपले आईबाबा काय काम करतात ते मुलांनी करून दाखवायचं होतं. ड्रायव्हरच्या मुलीने खुर्च्यांमधून पोंपों करत बस चालवली. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाने खर्रखर्र मशीन चालवलं. मग आमचा टिल्लू. टॉवेल झटकला, एका मुलाला खुर्चीत बसवलं, बोटांची कात्री केली. हुबेहूब हे! तशीच मान तिरकी, तसाच एक डोळा बारीक. मग बोलायला लागला. म्हणजे नुसते ओठ हलवायला लागला. भुवया उडवल्या, टाळी दिली, मान मागे टाकून हसला, तोंडाचा पट्टा सारखा चालू, पण आवाज म्हणून नाही. लोक खो खो हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी जवळ जाऊन विचारलं, बाबा काय म्हणतात ते आवाज काढून सांग. तर टिल्लू चांगला मोठ्याने म्हणाला, दुकानात बाबाला आवाज नाही. हे तिथून उठले ते आमच्या आधीच घरी येऊन बसले होते.

मला तर काही कळेनासं झालंय. मशीनचे सेल मी रोज सकाळी स्वतः तपासते. तुमच्याजवळ काही बोलले असतील तर कळवा. एवढी माया केलीत, आणखी एवढं करा.

तुमची,
वहिनी

६ जुलै

चि. बाळ्यास,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते लिहायचं मन नाही. वहिनीचं पत्र आलं. तिला मी अजून काही कळवलेलं नाही. त्या विक्रेत्याचा घोळ झालाच नव्हता, खरं ना?

माझ्याकडे रोज मुलं येतात. जाड जाड काचा लागतात एकेकाला. त्यांचे बाप चारचौघांत कौतुकाने सांगतात, पुस्तकातून डोकं वर काढत नाही हो आमचा. नाकावरचं चालतं आणि कानावरचं चालत नाही, हे तुला कोणी शिकवलं? काय केलंस ते सगळं लिही. आणि मला लिहायच्या आधी तिला सांग.

ताई

१७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिला सांगितलं. ती टिल्लूला उचलून आतल्या खोलीत गेली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुला सांगतो. माझ्या दुकानात तिन्ही भिंतींना आरसे. टिल्लू कुठेही बसला तरी त्याचे कान सगळीकडून दिसायचे. सुरुवातीला एकाने विचारलं, पोराच्या कानाला हे काय लावलंय? झालं, सगळ्यांनी माना वळवल्या. वाईट कोणी बोललं नाही गं, नुसतं बघितलं. माझा वस्तरा घसरला आणि गिऱ्हाइकाच्या गालावर ओरखडा उठला. दुसऱ्या दिवसापासून दारातच त्याची मशीनं काढायची, ब्लेडच्या खणात ठेवायची आणि घरी निघताना परत लावायची, असं सुरू केलं. पुढे पुढे तर तो आपणहून काढून माझ्या हातात द्यायचा. हाक मारली तरी बघत नाही, कोण हा, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, बहिणीचा आहे, लाजाळू आहे. माझं पोर तुझ्या पदरात टाकलं, आणि वर तुलाच हसून दाखवलं. हे लिहितानासुद्धा कान तापलेत माझे.

आणि मी रोज संध्याकाळभर त्याच्यासमोर बोलतच होतो की! कुणाची बदली, कुणाचं लग्न, कुणाच्या सासूचं दुखणं. बाई ज्याच्यासाठी जीव तोडून सांगत होत्या, ते सगळं मी गिऱ्हाइकांना वाटून टाकलं. माझं पोर आरशात माझं तोंड हलताना बघत बसलं.

बाईंना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, शाळेबाहेर काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, आजपासून काय करणार?

गेल्या आठवड्यात दुकान भरलेलं असताना टिल्लूला मोठ्या खुर्चीत, फळी टाकून बसवलं. मशीनं कानावर. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, हा माझा मुलगा आहे, बहिणीचा नाही, त्याला कमी ऐकू येतं म्हणून मी खोटं सांगत होतो. नेहमीचे पोस्टमनकाका पेपर खाली न करता म्हणाले, अहो, चेहरा तुमचाच आहे त्याचा, आम्हाला काय डोळे नाहीत? सगळ्यांना माहीत होतं, ताई. माझी लाज झाकायची म्हणून बिचारे इतके दिवस गप्प होते. असं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

मग त्याचे केस कापले, कान अगदी मोकळे केले. कानाजवळ कात्री आली तेवढ्यापुरती मशीनं काढली, ती सगळ्यांसमोर आरशाखालच्या फळीवर ठेवली आणि लगेच परत लावली. मग बाईंनी सांगितलं तसं बोलत राहिलो. हा कंगवा, ही कात्री, आता पाणी मारतो हं, गार लागेल. तो कात्रीच्या दिशेने कान करून बसला आणि म्हणाला, कचकच. सगळे हसले. तो हसला नाही. आरशातून माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि विचारलं, बाबा, आधी काय बोलायचास?

मी म्हटलं, काही नाही रे, असंच, हवापाण्याचं. त्याने मान डोलावली. सगळ्या दुकानाला खरं सांगितलं आणि त्याच्याशी मात्र पुन्हा खोटं बोललो, तू माझा नाहीस म्हणायचो ते लपवलं. आणि ते त्याला पटलं गं.

नेहमीची शाळा पुढच्या वर्षी नाही. गेलेलं भरून निघेल असं बाई म्हणत नाहीत, मेहनत करा म्हणतात. ती करतोय. सकाळी दाढी करताना, रस्त्याने चालताना, दुकानात, तोंडाला फेस येईपर्यंत त्याच्याशी बोलतो. नवीन शब्द आला की तो दिवसभर घोळवत राहतो. पुरेसे शब्द आले की तो मला पुन्हा तेच विचारेल, आणि तेव्हा हवापाण्यावर भागायचं नाही. ते शब्द त्याला आता रोज मीच शिकवतोय.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. टिल्लूवर आहे तेवढा असू दे.

तुझा,
भाऊ