नाव लावलेले आवाज

२ जानेवारी

आले एकदाची सोलापूरला. सकाळी मोहोळहून निघताना सई माझी ओढणी सोडत नव्हती, पण एस.टी. हलली तशी आजीच्या कडेवरून हसत हात करायला लागली. चार वर्षांची आहे, तिला अजून लांबच्या गावाला जाणं म्हणजे गंमतच वाटते. तिचं हसणं असं आहे की आधी एक छोटी उचकी येते आणि मग ते घरंगळत सुटतं. रस्ताभर तेच कानात होतं.

ज्यांच्याकडं कामाला आले त्या प्रेमलाबाईंचं घर सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत आहे. तीन खोल्या, दारात पेरूचं झाड. बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. साखरेनं डोळे गेले. यजमान रामहरीकाका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. औषधं देणं, पेपर वाचून दाखवणं आणि कॉम्प्युटरचं थोडं काम, एवढंच मला करायचंय. आत गेल्या गेल्या म्हणाल्या, "बोल काहीतरी. आवाज ऐकू दे." मी मोहोळच्या बाजाराचं काहीबाही सांगत बसले. त्या मान हलवत ऐकत राहिल्या, खूश झाल्या असाव्यात.

स्वयंपाकाला बनाबाई येते. मंगळवेढ्याकडची, माहेरी मेंढरं. हळू बोलणं तिला माहीत नाही. मला बघून म्हणाली, "ताई, लई वाळलीस की. हितं राहा, म्हैन्यात अंग धरतीस बग." आणि गरम भाकरीवर शेंगाचटणी आणि तेल घालून समोर ठेवलं. सईचे बाबा गेल्यापासून असं कुणी समोर बसून जेवायला घातलं नव्हतं.

४ जानेवारी

काम समजलं. बाई आणि काका आयुष्यभर घरातले आवाज टेप करत आले. कोण आलं, काय बोललं, कुणी ओवी म्हटली, कुणी चहा ओतला, सगळं. बाईंचा भाचा नंदू मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यानं त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून गाण्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्यात. बाजारातल्या गाण्याला गायकाचं नाव आपसूक येतं, घरच्या आवाजाला कुठून येणार? म्हणून शेकडो ओळींपुढं एकच लिहिलेलं: 'अननोन आर्टिस्ट'. मी एकेक लावायचं, बाई सांगतील ते नाव कलाकाराच्या रकान्यात टाकायचं, मग वायर जोडून प्लेअरमध्ये चढवायचं. प्लेअर काडीपेटीएवढा, लाल दोरीनं बाईंच्या गळ्यात. रेकॉर्डिंगही त्यातच होतं. नावं लागलेल्या आवाजांचा आल्बम आहे, 'घरचे'.

झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करण्यापेक्षा हे किती बरं. आज एका बाईनं म्हटलेला पाळणा ऐकला, अंगावर काटा आला इतका गोड. ही कोण, आता कुठं असते, असं विचारलं. बाई म्हणाल्या, पलीकडच्याच गल्लीत असते, पण येत नाही. आली तरी बोलत नाही.

८ जानेवारी

आज हसून हसून पोट दुखलं. प्लेअर जोडला तर त्यात नवं रेकॉर्डिंग. बनाबाई मला स्वयंपाकघरात तिचा बाप मेंढरांना कसा हाळी द्यायचा ते करून दाखवत होती, ते अख्खं त्यात. शेवटी "व्हय की, खोटं न्हाय सांगत" म्हणून तिचं खदखदणं. तेव्हा प्लेअर तिथं होता हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाईंनी दोनदा ऐकलं आणि नाव टाक म्हणाल्या. मी 'बनाबाई' असं टाइप केलं.

१० जानेवारी

बनाबाईचा घसा बसलाय. बसलाय म्हणजे घोगरा नाही, आवाजच नाही. ओठ हलतात, आतून काही येत नाही. सुंठ-गूळ दिला. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या तर त्याही बिनआवाजी. थंडीचं असेल.

भाकरी थापतानाचा तिचा बडबडाट नसला की घर फार मोठं वाटतं.

१३ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. रस्त्यावर पिपाण्या, भोंगे. संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकून सईला पिपाणी ऐकवली. ती जी हसायला लागली ती थांबेचना. आई मागून म्हणत होती, अगं पुरे, श्वास घे.

प्लेअर टेबलावर होता. बाईंनी तेही घेतलं होतं. विचारल्याशिवाय घेतलं म्हणून जरा खटकलं, पण लावून ऐकलं आणि सगळं विसरले. मोठ्या हौसेनं नाव टाकलं: सई.

१५ जानेवारी

डॉक्टरनं बनाबाईच्या घशात बॅटरी मारून बघितलं. काही नाही म्हणाला, मनाचं असेल. माझ्या मनात वेगळंच येतंय. आज लोणच्याच्या बरणीमागं प्लेअर सापडला, लाल दिवा चालू. बनाबाईनं तो बघितला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून परसात गेली.

बाईंना दिसत नाही, मग बरणीमागं ठेवला कुणी? मला नंदूचा संशय आला. तो आज आला होता. येतो तेव्हा आत कधी बोलत नाही, हे मला आत्ता जाणवलं. नुसता हं, हं करतो. फाटकाबाहेर गाठून विचारलं तर इकडंतिकडं बघून म्हणाला, मावशीला ह्या घरात बोटाला डोळे आहेत, प्लेअर तीच ठेवते. आणि तुम्ही इथं गाणंबिणं म्हणू नका. का, ते सांगितलं नाही. गाडीला किक मारून गेला.

१७ जानेवारी

आईचा फोन. सई चार दिवस झाले हसली नाही. रुसलीय का, तर नाही. खेळते, जेवते, बोलते. हसायला जाते, तोंड उघडतं, खांदे हलतात आणि आवाजच येत नाही. काल असं झाल्यावर स्वतःच घाबरून रडली म्हणे. आईनं दृष्ट काढली.

चार दिवस.

म्हणजे मी नाव टाकलं तेव्हापासून.

१८ जानेवारी

वेड्यासारखं वाटतंय, पण खात्री करायलाच हवी होती. बाई दुपारच्या झोपल्या तेव्हा प्लेअर उचलला आणि माझी रोजची गुणगुण रेकॉर्ड केली. वडील मोट हाकताना म्हणायचे ती ओळ. प्लेअर जोडला. 'अननोन आर्टिस्ट'. गुणगुणून बघितलं, येत होतं. मग रकान्यात टाइप केलं, सुकन्या.

पुन्हा गुणगुणायला गेले. बोलता येत होतं, पण ती ओळ गळ्यातून निघेना. शब्द म्हटले तर म्हणता आले, चाल नाही.

घाबरून नाव पुसलं. काही नाही. मग ते रेकॉर्डिंगच उडवलं. आणि आता ती चाल मला आठवतही नाही. वडिलांचं तोंड हलताना दिसतं फक्त.

सईचं उडवायचं नाही. काहीही झालं तरी ते उडवायचं नाही.

१९ जानेवारी

सकाळी बाईंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माझ्या लेकीचं हसणं परत द्या."

त्या शांतपणे चहा पीत होत्या. "मी कुठं घेतलं? नाव तू लावलंस."

"मला ठाऊक नव्हतं."

"नाव लागलं की आवाज घरचा होतो, पोरी. मग तो कुठं जात नाही. मला काही दिसत नाही. माणसं येतात, बोलतात आणि उठून जातात. मी कुणाकुणाला धरून ठेवू?" मग म्हणाल्या, "नाव पुसून परत येत नसतं. काल तुझी ओळ आली का?"

कालचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी खूप बोलले, ओरडले. बनाबाई दारात उभी राहून माझ्याकडं हात जोडत होती, गप्प राहा म्हणून. तिच्याकडं बघितलं आणि मगच बाईंच्या गळ्यातला लाल दिवा दिसला.

दुपारी नंदू आला. बोललं की टाइप होतं असं काहीतरी कॉम्प्युटरवर बसवून गेला. जाताना माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. तो गेल्यावर बाई आतल्या खोलीत एकच शब्द म्हणत होत्या. माझं नाव.

२० जानेवारी

आवाज गेला.

सगळा. खोकलासुद्धा.

बनाबाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. दोघी रडलो. घरात कुणालाच ऐकू गेलं नसेल.

२२ जानेवारी

बाई न्हाणीत गेल्या तेव्हा खुंटीवरून प्लेअर घेतला. कानाला लावला. सई हसतेय. तीच उचकी, तेच घरंगळणं. त्याच्यामागं माझाच आवाज, परत द्या, परत द्या.

तशीच चप्पल न घालता फाटकाकडं पळाले. पेरूपाशी हसणं बारीक झालं. फाटकाबाहेर पाय टाकला तर नाहीच. नुसती खरखर. एक पाऊल मागं आले, परत आलं.

बाहेर नेता येत नाही. नेलं तर जाईल.

म्हणून मलाही जाता येत नाही. खुंटीवर ठेवून दिला.

न्हाणीतून बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, अनवाणी फिरू नकोस, खडे टोचतात.

२३ जानेवारी

आईला मेसेज केला होता, घसा बसलाय, फोन करू नको, काळजी करू नको. खरं काय लिहिणार होते.

आत्ता तिचं उत्तर आलं. उद्या सईला घेऊन येते. तुला बघून तरी पोर हसेल.

येऊ नको लिहिलं. पाचदा लिहिलं. बघितलेलं दिसत नाही — शेजारच्या पोराकडून ती मेसेज वाचून घेते, चष्मा असला तर स्वतः —

पहाटेच स्टँडवर जाऊन थांबेन. उतरू देणार नाही. तिथूनच परत पाठवीन.

२४ जानेवारी

बाहेरच्या दाराला कुलूप. किल्ली बाईंच्या कमरेला. खिडकीतून बनाबाईला खुणा केल्या, ती स्टँडकडं धावलीय. पण तिला तरी कोण ओळखतं, आणि सांगणार कशानं —

फाटक वाजलं.

आईचा आवाज. बाई स्वतः कुलूप काढतायत. या, या म्हणतायत. किती गोड बोलतायत.

बाहेरच्या खोलीत आहेत तिघी. मी दारात. हातात हीच वही, दुसरा कागद नाही. सई आजीच्या मागं लपलीय. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दिवा लाल आहे. आई मला विचारतेय, अशी का बघतेस, बोल की.

बाई म्हणतायत, "बाळा, ही बघ तुझी आई. मार बघू हाक."

आई हे वाच. तिला बोलू देऊ नको. तोंडावर हात ठेव तिच्या. चष्मा कुठाय तुझा, आई, पिशवीत बघ, वाच हे — सई माझ्याकडं बघतेय — नको बाळा, तोंड मीट, हाक मारू