सोंडेपुरतं ऊन

५ मार्च

संपली! अर्ध्या रात्रीतच बॅटरी संपली. दुकानदार म्हणाला होता, "दोन रात्री आरामात जातील, ताई, डोळे झाकून न्या." नेली डोळे झाकून. आता उघडे ठेवून बसलेय.

ह्यांच्या श्वासाच्या मशीनची घरघर थांबली तशी मला जाग आली. हे उठून बसले होते. मास्क ओरबाडून काढला आणि तोंड उघडून हवा गिळायला लागले. कपाळाला घाम. "पाणी," म्हणाले, आणि पाणी न पिताच पुन्हा आडवे झाले. त्यानंतर मी झोपले नाही. ह्यांचा श्वास थांबला की हलवायचं, सुरू झाला की वाट बघायची. उजाडेपर्यंत हेच.

सगळा दोष त्या मशीनचा नाही. हिवाळ्यात जीप चालवताना ह्यांना झोप लागली आणि जीप खड्ड्यात गेली, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तोवर मी ह्यांच्या घोरण्यावर विनोद करण्यात इतकी वर्षं घालवली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे घोरणं नाही. झोपेत ह्यांचा श्वास बंद पडतो. हृदय दमलंय. मशीनशिवाय एकही रात्र काढायची नाही." एकही नाही. आणि आम्ही आलो कुठे, तर जिथे विजेची तार कोस कोस दिसत नाही, त्या रानात.

पण न येऊन करणार काय? मधाचं वर्ष म्हणजे हा एक फुलोरा. दरवर्षी मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमध्ये घालून इथे आणायच्या, तंबू ठोकायचा आणि फुलं संपेपर्यंत माश्यांपाशी राहायचं. ट्रकवाला पेट्या उतरवून गेला. आता फुलोरा संपल्यावरच येईल.

६ मार्च

ह्यांनी सोलरचं पॅनेल लावलं. पेट्यांच्या रांगेच्या टोकाला एक रिकामं स्टँड होतं, त्यावर. छान बसलं. वायर बॅटरीला जोडली. बॅटरी भरली की दिवा हिरवा होतो म्हणे. मी दिवसभर चुलीवरून, पाण्यावरून, पेट्यांवरून डोकावून बघत होते. लाल.

रात्री घटकाभर सोंड चालली. (मशीनला घरात सगळे सोंडच म्हणतात. त्या नळीमुळे. हे पहिल्यांदा मास्क घालून बसले तेव्हा सूनबाई हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली होती.) मग बंद.

७ मार्च

लाल.

८ मार्च

रात्री युक्ती केली. उताणे झोपले की ह्यांचा श्वास जास्त अडतो. म्हणून सदऱ्याच्या पाठीला खिसा शिवला आणि त्यात मेणाचा गोळा ठेवला, म्हणजे टोचेल आणि हे कुशीवर वळतील. वळले कुठले! अंगाच्या उबेने मेण मऊ पडलं आणि सकाळी सदरा अंथरुणाला चिकटलेला. हे उठता उठेनात. दोघंही हसलो. मग मी आडोशाला जाऊन रडले.

हसू कसलं येतंय मला? रात्री ह्यांचा श्वास इतका वेळ थांबला होता की मी छातीवर कान ठेवला. हृदय वाजत होतं. हवा मात्र नव्हती.

१० मार्च

आज पेटीपाशी उभे राहून झोपले.

फुलोरा आता कुठे भरात येतोय. पेट्यांतल्या पोळ्यांच्या चौकटी बघायच्या होत्या. मी धूर देत होते, हे चौकट उचलून उजेडात धरत होते. धरली, आणि तशीच धरून राहिले. मला वाटलं, राणी शोधतायत. तर डोळे मिटलेले! चौकट हातातून सुटली आणि उघड्या पेटीवर पडली. माश्या भडकल्या. मी हाताला धरून ओढत नेलं तोवर गळ्यावर, कानामागे, पापणीवर डंख. एक डोळा सुजून बंद.

डंख काढता काढता मी म्हटलं, "घरी जाऊ या."

"पेट्या कुणाच्या भरवशावर टाकू?"

"जळोत त्या पेट्या!"

"अस्वल एका रात्रीत सगळं उचकटून टाकेल. परवाच वासाने येऊन गेलंय, ठसे बघितलेस ना ओढ्याकाठी? आणि मी एकटा गेलो तर तू इथे एकटी राहणार?"

"राहीन."

"मी नाही ठेवणार."

ह्यांच्याशी भांडायला मजा तरी यायची. आता भांडताना मध्येच मान पडते ह्यांची. अशा माणसाशी काय भांडणार? देवा, मला हा माणूस जिवंत परत न्यायचाय. बाकी मध-बिध काही नको.

११ मार्च

टेकडीवर चढून थोरल्याला फोन केला. तिथेच काय तो आवाज पोचतो. सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले.

"आई, मशीनला पाण्याचं भांडं आहे ना? ते तापतं, तेच सगळी बॅटरी खातं. ते बंद कर आधी."

"नाक कोरडं पडेल ना त्यांचं."

"पडू दे. आणि पॅनेल नीट बघ. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं गं, नुसती काच असते. मी इथून सुट्टी मिळाली की निघतोच. पण दोन-तीन दिवस तरी लागतील."

दोन-तीन दिवस! त्याला काय कळणार इथली एक रात्र किती लांब असते.

१२ मार्च

मूर्ख! मूर्ख! आम्ही दोघंही मूर्ख!

दुपारी पाणी घेऊन येत होते. ऊन डोक्यावरून पलीकडे कललेलं. पेट्यांच्या रांगेवर झाडाची सावली पडलेली, जशी पडावी तशी. दुपारच्या उन्हात पोळी वितळू नयेत म्हणून जागा आम्ही तशीच निवडतो. आणि रांगेच्या टोकाला पॅनेल, तेही सावलीत. तोंड पूर्वेला! सगळ्या पेट्यांची तोंडं पूर्वेला असतात, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन दारात येतं आणि माश्या लवकर कामाला लागतात. ह्यांनी पॅनेलही पेटीसारखं मांडलं. आणि मी रोज शंभरदा बघूनही मला काही चुकलंय असं वाटलं नाही, कारण माझ्याही डोळ्यांना तीच सवय.

"अहो, ते पॅनेल काय माशी आहे का?" मी ओरडले. हे तंबूतून बाहेर आले, एका डोळ्याने पॅनेलकडे बघितलं, मग सूर्याकडे, मग माझ्याकडे. आणि डोक्याला हात लावून खालीच बसले.

उचललं आणि उघड्या माळावर नेऊन ठेवलं. ऊन सरकेल तसं मीही सरकवत राहिले. संध्याकाळी दिवा हिरवा झाला. हिरवा! मी ह्यांच्या सुजलेल्या गालाचा पापा घेतला, इतक्या वर्षांत दिवसाउजेडी पहिल्यांदा. "अगं, दुखतंय," म्हणाले.

१३ मार्च

सोंड बंद पडली. दिवा हिरवा, पाण्याचं भांडं बंद, तरी मध्यरात्रीच्या आत बंद पडली.

पुन्हा टेकडी. थोरल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, बॅटरी रोज पार तळाला गेली ना, म्हणून बाद झाली. दिवा भरल्यासारखं दाखवेल, पण आत काही टिकणार नाही."

म्हणजे आम्हीच मारली तिला. रोज रात्री थोडी थोडी. परत येऊन बॅटरीला लाथ घातली. अंगठा ठेचला. बॅटरीचं काय जातंय?

ह्यांच्या ओठांना आज निळसर झाक आहे. की मला तसं दिसतंय? आरसा नाही आणला. बरंच झालं. ह्यांनी स्वतःचे ओठ बघितले असते.

माझ्याने आता होत नाही. कुणाला सांगू? तुलाच सांगते, वही. माझ्याने होत नाही.

१४ मार्च

सुचलं! आज पहाटे ह्यांना हलवता हलवता सुचलं. बॅटरीत साठत नाही ना? नाही साठत तर नाही! ऊन असतं तोवर तर मशीन चालेल? मग दिवसा झोपायचं!

सकाळी दोघांनी मिळून पेट्या बघितल्या. ऊन तापल्यावर ह्यांना सोंड लावून आडवं केलं. तंबू भट्टीसारखा तापलेला, म्हणून वरून ओली चादर टाकली. मशीन घरघरलं. आणि बंद पडलं नाही! मी पॅनेल सरकवत राहिले आणि मधून मधून येऊन ऐकत राहिले. ऊन उतरेपर्यंत हा माणूस झोपला. उठला तेव्हा चेहऱ्यावर रंग होता. जेवण मागून घेतलं. मीठ कमी आहे म्हणाला! कानाला किती बरं वाटलं.

आता रात्री हे जागणार, अस्वलावर लक्ष ठेवणार. वाजवायला डबा घेऊन बसलेत. मी झोपणार. किती दिवसांनी!

१५ मार्च

काल मेल्यासारखी झोपले. तरी डोकं जडच. ते माझं कायमचंच म्हणा.

ह्यांनी रात्री दोन-तीनदा उठवलं. "कूस बदल," म्हणतात. मी चिडले. "अस्वल आलं तर उठवा, नाहीतर नका!" आपली झोप झाली की माणसाला दुसऱ्याची बघवत नाही.

१६ मार्च

दिवसा झोपले, बरे आहेत. मध चांगला उतरणार. थोरल्याला अजून सुट्टी मिळालेली नाही. पण गप्प गप्प आहेत. "काय बघताय?" विचारलं. "काही नाही." रात्री पुन्हा उठवलं. आता मात्र भांडणारच आहे.

१७ मार्च

हे आज दुपारी झोपायला तयार होईनात. मास्क माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, डोकं फिरलंय का?

"झोपेत तुझाही श्वास थांबतो," म्हणाले. "तीन रात्री ऐकतोय. मी हलवलं की घेतेस. घरी माझ्याच मशीनच्या आवाजात मी झोपलेला असायचो, मला कधी कळलंच नाही गं."

मी नाही नाही म्हणत होते, तर ह्यांनी स्वतःच्या हाताने मास्क माझ्या नाकावर बसवला. मास्क लावूनच हे लिहितेय. हे शेजारी बसलेत, माझ्यावर लक्ष ठेवायला. काल रात्रीपासून जागे आहेत. पापण्या मिटतायत. उताणे होत चाललेत.

मी झोपले तर ह्यांना कोण हलवणार?