मांगं पाहू नोको

बाबा, साकोलीच्या डॉक्टरांनी माझं धावणं बंद केलं आहे. हाडांचे डॉक्टर, वयानं माझ्या भाच्याएवढे. गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "काका, आता फक्त चालायचं. चालण्यासारखं औषध नाही." मी मान हलवली. त्यांना काय सांगणार, की जिथं मला रोज जायचं असतं तिथं धावतच जाता येतं, चालत गेलं तर रडारड होते? हे ऐकून त्यांनी मला हाडांच्या नव्हे, भलत्याच डॉक्टरकडे पाठवलं असतं. तुम्हाला मात्र सांगायला हरकत नाही, कारण हा सगळा घोळ तुम्हीच घालून ठेवला आहे.

तुम्ही धावायला लागलात तेव्हा आपल्या एकोडीत कामाशिवाय कोणी धावत नव्हतं. सकाळी एकटा माणूस रस्त्यानं धावत दिसला, की कोणीतरी गेलं आणि हा सोयऱ्यांना सांगायला निघाला, एवढंच लोकांना माहीत होतं. निरोप घेऊन जाणाऱ्याला तोंड उघडावं लागत नसे, त्याचं धावणंच सांगायचं. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी तलावाची पूर्ण पाळ धावत पार करून पलीकडच्या टोल्यावर, त्या लहान वस्तीत, थेट तुमच्या थोरल्या बहिणीच्या दारात जाऊन उभे! आत्याबाईनं तुम्हाला लांबून पाहिलं आणि घरापुढच्या सपरीतूनच गळा काढला. "माय वो! कोन गेला गा?" तुम्ही धापा टाकत म्हणालात, "कोनी नाही गेला. मिलमधला कोंडा छातीत बसते, धावलो का मोकळं वाटते." बाई डोळे पुसता पुसता भडकली, "मंग मयताचा निरोप आनल्यावानी काहून धावतं?" तरी तिनं चहा ठेवलाच. ही गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत, की आता मला ती स्वतः पाहिल्यासारखी आठवते.

मग मलाही जुंपलंत. पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत, पायाला मोठे. "पाय वाढून राहिला ना तुहा," म्हणालात. पाय वाढेपर्यंत मी पुढच्या टोकात चिंध्या कोंबून धावलो. पुसाच्या थंडीत धुकं, उन्हाळ्यात सूर्य डोकं वर काढायच्या आधीच तापलेली माती, आणि पावसाळ्यात युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर. खोळ घेऊन धावणारा माणूस लांबून फार गमतीचा दिसतो. जवळून त्याचा फक्त आवाज येतो, फडफड, फडफड, आणि मध्येमध्ये श्वास. एकदा पावसाला घाबरून मी अंथरुणातच राहिलो, तर तुम्ही दारातून म्हणालात, "पानी तुह्यासाठी पडून राहिला का? तो धानासाठी पडून राहिला. त्याले त्याचं काम करू दे, तू तुहं कर." तुम्ही मला नेहमी पुढं ठेवायचात. घसरलो तर मागून उचलता येईल म्हणून, असं आई सांगायची. पण मी वळून पाहिलं, की मागून ओरड यायची, "मांगं पाहू नोको! पाळ आहे थे. मांगं पाहिलं का पाय चुकते."

आता कसं आहे, बाबा, की धावणं हा उपक्रम झाला आहे. हायवेच्या कडेनं भरतीची पोरं-पोरी धावतात, त्यांचं मी समजू शकतो, त्यांच्या पुढं खाकी कपडा आहे. पण त्यांच्या मागून तालुक्याचे सगळे साहेब धावतात. अंगात पुढाऱ्याच्या फोटोचा टी-शर्ट, मनगटावर घड्याळ. ते घड्याळ त्यांना सांगतं की तुम्ही धावलात. सांगितलं नाही तर त्यांना पटत नाही. पावसाचा थेंब पडला की ग्रुपवर सुट्टी जाहीर होते आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. मला पण एकदा बोलावलं होतं. "सर, आमच्यात या ना, एकटे काहून धावता?" मी म्हणालो, "एकटा नाही धावत." ते हसले. माझं बोलणं वाकडं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्याचा हा फायदा: खरं बोललो तरी कोणी मनावर घेत नाही.

तो दिवस धानाच्या रोवण्याचा होता. पाऊस लागून होता. मी अंगणात बुटांच्या नाड्या बांधून उभा आहे. तुम्ही खोळ डोक्यावर घेता, उंबऱ्याशी येता, एक हात चौकटीवर ठेवता. "हो पुढं," म्हणता, "येऊन राहिलो." मी निघतो. शाळेच्या वळणापर्यंत जातो, मागे फडफड नाही, पण वळून पाहायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं, की मी फक्त वेग कमी करतो. मग आईची हाक येते. तुम्ही उंबऱ्यावर बसलेले, चौकटीला टेकून, खोळ तशीच डोक्यावर. शेजारची माणसं जमली. आई मला म्हणाली, "जाय, आत्याबाईले सांगून ये." बास, एवढंच. काय सांगायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे ते सांगायचं नसतंच, धावायचं असतं.

म्हणून मी धावलो. पाळीखालच्या धानाच्या बांधीत बाया ओणव्या होऊन परे लावत होत्या. एकीनं मान वर केली आणि ओरडली, "आज एकटाच का गा? बुढा दमला का?" सगळ्या हसल्या. कोणीही विचारलं नाही, कोण गेला. तुम्ही इतकी वर्षं ऊन-पाऊस न पाहता धावून धावून त्या रस्त्यावरचा निरोपच पुसून टाकला होता. टोल्यावर पोचलो तर आत्याबाई सपरीत तांदूळ निवडत बसलेली. मला पाहून तिनं पाण्याचा लोटा पुढं केला. "बस बाबू. बाप कुठं राहिला?" तोंडात तुमचेच शब्द होते, तेवढे बाहेर पडले. "येऊन राहिले." तिनं चहाला दोन कप काढले. चहा उकळत असताना पाळीवरून आपल्या शेजारचे काका येताना दिसले, डोक्याला गमछा गुंडाळून, हळूहळू चालत. ते चालत येत आहेत हे पाहिलं आणि बाईच्या हातातला कप पडला, तिनं गळा काढला.

आता ती फार थकली आहे. नवऱ्याचं नाव आठवत नाही, मुली कोणत्या गावात असतात आठवत नाही. पण सकाळ झाली की सपरीत येऊन पाळीकडे तोंड करून बसते. मी धावत पोचतो, ती लोटा पुढं करते आणि विचारते, "बाप कुठं राहिला?" मी उत्तर देतो. ती दोन कप काढते. मग तिचा दिवस सुरू होतो. गेल्या महिन्यात गुडघा फारच धरला म्हणून एक दिवस मी चालत गेलो. तिनं मला लांबून पाहिलं. तो आवाज मी पुन्हा ऐकला, बाबा. इतक्या वर्षांनी, तोच. "माय वो! कोन गेला गा?" तिच्यासाठी तुम्ही त्या सकाळी पुन्हा गेलात. सून धावत बाहेर आली, कितीतरी वेळ बाईला धरून बसली, आणि मला म्हणाली, "भाऊजी, पुन्हा असे चालत नोका येऊ."

तेव्हा डॉक्टरांचं मी अर्धं ऐकतो. पाळीवरून गुडघ्याला पट्टा बांधून चालत जातो, आणि टोल्याजवळच्या मोहाच्या झाडापासून, जिथून तिला मी दिसतो, तिथून धावतो. आज दाट धुकं होतं. पावसाचं नाव नाही, आणि तरी चालताना मागे फडफड होती. मी थांबलो की थांबायची. लोकांच्या भुताखेतांवर मी इतकं हसलो आहे, की आता हे कोणाला सांगायची सोय राहिलेली नाही. मोहापाशी आलो तसा धावलो. आवाजही धावला.

हे लिहिलेलं मी टपालात टाकणार नाही. पाठीमागेच आहात तर खांद्यावरून वाचून घ्या. फक्त एक आहे, रागवायचं तर रागवा. आत्याबाई विचारते आणि मी "येऊन राहिले" म्हणतो, तेव्हा रोज एकदा मागे वळून पाहतो.