घरावर कौलं, गोठ्यावर गवत

कुंभारवाडा, माघ वद्य तृतीया, तिन्हीसांज

लोंढ्याहून आणलेलं नमुन्याचं मंगळुरी कौल बाबांनी आज चारदा वाजवून पाहिलं. खणखणीत आहे म्हणाले, तरी नकोच. गवताचं छप्पर दर साली बदलावं लागतं, ठिणगीची भीती वेगळीच. मग अडतं कुठं?

शेवटी हळूच म्हणाले, "गवत घालायला अख्खी वाडी येती, आपल्यात जेवती. कौलं घातली की कोण येणार?"

मी वेडा! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात दाराआडून बायको मला म्हणाली, "मामंजींना सांगा, घरावर कौलं घाला, गोठ्यावर गवतच ऱ्हाऊ द्या. वाडी गोठ्याला येईल की!"

बाबांनी पाचव्यांदा कौल वाजवलं. मग मोठ्यानं हसून म्हणाले, "व्हय रे, उद्याच गाडी जुंप."