अजून कुणी धरलं नाही

कोसमटोला,
मंगळवार, दुपार

आदरणीय केसरबाई,

ललिताचा तुम्हाला आणि बापूराव भाऊजींना जय भीम. भाऊजींची कंबर कशी आहे? धान संशोधन केंद्राच्या बांध्यांत, चिखलात, दिवसभर वाकून काम करायचं आणि डॉक्टरने सांगायचं की वाकू नका, याला काय म्हणावं. अतुलला आशीर्वाद सांगा. आमच्याकडे सगळे बरे आहेत. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की खोडून टाका.) फोन केला असता, पण आमच्या घरचा फोन तुमच्या भावाच्या खिशात असतो आणि ते स्पीकर लावूनच बोलतात, म्हणजे आपलं बोलणं शेजारच्या रुखमाबाईच्या चुलीपर्यंत. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून हाताला सवय आहे, म्हणून कागद घेतला.

बाई, तुमच्या भावाला गावच्या कबड्डी संघातून काढलं. काढलं हा शब्द मात्र कुणी वापरला नाही. दिवाळीनंतरच्या आमच्या मंडईच्या जत्रेत दुपारी सामने होते. तुम्हाला येता आलं नाही ते एका परीने बरंच झालं. हे सकाळपासून तयार. गुडघ्याला पट्टा, आत खेळायची निकर, वरून ती निळी ट्रॅकपँट. नाव पुकारलं की एका झटक्यात पँट काढून मैदानात उतरायचं ही यांची बावीस वर्षांची पद्धत, म्हणून नाडी आधीच सोडून ठेवलेली. माइकवरून नाव पुकारलं खरं, पण मैदानात नाही, स्टेजवर. यांना वाटलं, ओळख करून देत असतील. सरपंचांनी खांद्यावर शाल टाकली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं, आणि लोकेशने (तोच, ज्याला यांनी शाळेतून ओढून आणून खेळायला शिकवलं) गावाच्या वतीने आभार मानले. त्याच्या अंगात सात नंबरची बनियान होती. यांची. हे तिकडे पाहतच राहिले, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे पँट खाली आली. शाल, नारळ, घड्याळ आणि निकर, असे तुमचे भाऊ सगळ्या पाहुण्यांसमोर उभे. लोकांना वाटलं, भाऊ खेळायला उतरतात. इतक्या टाळ्या आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या. मग कुणीतरी खुर्ची सरकवली आणि सामना सुरू झाला. सत्कार झालेला माणूस पाहुणा होतो, बाई, आणि पाहुण्याने खेळायचं नसतं, हे यांना खुर्चीत बसल्यावर कळलं.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. आधी मला हसू आलं. हे तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. हसू मावळलं तेव्हा पाहिलं, हे वाकून पँट वर घेत नव्हते. नारळ कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं.

तेव्हापासून घर शांत आहे. घड्याळ खिळ्याला लावलंय, पण त्यात सेल घालू देत नाहीत. धान कापायला जातात, येतात, जेवतात, मिठाबद्दल तक्रार करत नाहीत. (एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. मी मुद्दाम दोनदा कमी घालून पाहिलं.) संध्याकाळी अंगणात काठीने रेघ ओढतात आणि बकरीवर चढाई करतात. ती शिंग लावते, हे चुकवतात, तिला हात लावून रेघेवर परततात. परवा तिने यांच्या धोतराचा सोगा दातात धरला तो सोडलाच नाही. हे रेघेपासून हातभर अंतरावर थांबले. मला वाटलं चिडतील. पण तिच्याकडे असे बघत राहिले, जणू बऱ्याच दिवसांनी कुणी ओळखीचं भेटलं.

आणि तो दम. पहाटे हे एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत बोअरिंगपासून निघत. मी लग्न होऊन आले तेव्हा हे त्या एका दमात विहारापर्यंत जात. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायची, आवाज तुटला की उठायची. मग दम दुकानापर्यंत आला, मग मुखरूच्या फाटकापर्यंत. यंदा फाटकाच्या अलीकडे तुटतो. मी तरी अंथरुणात पडून राहते, विहारापर्यंत जायला जेवढा वेळ लागायचा तेवढा, आणि मगच उठते. त्यांना वाटू नये की मला कळलं.

आता पुढे काय, हा प्रश्न आहे. गावातले लोक सामन्यांना पंच व्हा म्हणाले, तर यांनी शिट्टी परत केली. जंगलात वणव्याच्या दिवसांत राखणदारीचं काम मिळतंय, तर म्हणतात, आगीला कुठी धरता येते. स्वाती चंद्रपूरहून वसतिगृहातून फोन करते आणि बाबांना पोरांना शिकवायला सांग म्हणते. सांगितलं. तेव्हा एकदाच बोलले, भाकर हातात धरून: "आजपर्यंत मले कोणी धरलं नाई, ललिता. मंग काऊन काढलं?"

याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणून मी यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. मंडईच्या दुसऱ्या दिवशी हे शेतात असताना लोकेश आला होता. दारातच उभा राहिला, चहा नको म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी, दोन वर्सं झाले, आमी सरावात भाऊचा पाय धरतो अन् सोडून देतो. बाहेरगावच्या संघायलेही सांगून ठेवतो. गुडघा गेला असता तर तुमी काय केलं असतं?" पोरगा रडला, बाई. मी त्याला रागवू की त्याच्या पाया पडू, मला समजेना. दोन वर्षं अख्ख्या तालुक्याने माझ्या माणसाला फुलासारखं जपलं आणि फसवलं.

बाकी क्षेम. भाऊजींना वाकू देऊ नका.

तुमची,
ललिता

ता. क. १ : येत्या रविवारी तुमच्या सिंदेवाहीत मंडई आहे. अतुलला सांगून त्याच्या संघाशी होणाऱ्या सामन्यात समोरच्या बाजूने मामाला एकदा उतरवता येईल का? एकच चढाई. मी सोबत येईन.

ता. क. २ : आणि अतुलच्या पोरांना सांगा, धरायचं. नीट, चौघांनी मिळून, खाली पाडून. गुडघ्याचं मी बघून घेईन. माणसाला आपलं संपलं हे एकदा तरी खरं कळायला हवं, नाही तर तो जन्मभर रेघेवर उभा राहील.

ता. क. ३ : पाकीट बंद करत होते तेवढ्यात हे शेतातून आले. एवढं लांबलचक काय लिहितेस म्हणाले. मी म्हटलं, भाऊजींकडे धानाचं बियाणं मागते. हातातला विळा ठेवत म्हणाले, "धान कापून राह्यलो अन् तू बियाणं मागून राह्यली?" मग हातपाय धुतले, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईच्या गावी मंडई हाये ना. लिहीच मंग. फक्त माह्यं नाव नको सांगू म्हणा. नाव ऐकलं का पोट्टे पाय सोडून देतेत."

तर बाई, नाव सांगू नका.