नदीकाठची पाटी

ओनोमिची, ४ मे १९५५

ती. कियोनोताईस,
तामाएचा सा. न. वि. वि.

नदीकाठच्या झोपड्या पाडून रस्ता करायचाय, तुला टेकडीजवळ दोन खोल्या मिळतायत, आणि तू नगरपालिकेच्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलंस! कमाल आहे बाई तुझी. येत्या ऑगस्टला दहा वर्षं होतील, ताई. त्या सकाळी फुसाको वर्गातल्या मुलींबरोबर युद्धाच्या कामावर गेली आणि एका बॉम्बनं अख्खं शहर नेलं. तुझी तेरा वर्षांची लेक आता येणार नाही, हे मीच लिहायचं का? रक्त तपासलंस का? लपवू नकोस.

माया पातळ करू नकोस.
तुझी तामाए

हिरोशिमा, १२ मे

चि. तामाए हिस अनेक आशीर्वाद.

रागावले नाही गं. सुकी मासळी पोचली. खारट केलीस, नेहमीसारखी. रक्त कमीच आहे म्हणाले डॉक्टर. दम लागतो, एवढंच.

पंचाहत्तर वर्षं इथं गवत उगवणार नाही म्हणायचे. माझ्या दारातली कण्हेर डोक्याच्या वर गेलीय. पहाटे भरती चढते, पाण्यावर धुकं येतं, आणि त्यातून फुसाको चालत येते. एकेका दारात वाकून बघते. मी हाक मारेपर्यंत ऊन पडतं. आता तूच सांग, मी इथून उठले तर पोरीनं जायचं कुठं?

आशीर्वाद आहेतच.
तुझी वेडी ताई

ओनोमिची, १७ मे

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून ढसाढसा रडले. मग हे म्हणाले, बॉम्बनंतर लोक काय करायचे ते ताईंना आठवत नाही का? आपल्या जळक्या घरापाशी कोळशानं लिहून जायचे, आम्ही जिवंत आहोत, अमक्या गावी आहोत म्हणून. परक्यांनीसुद्धा ती अक्षरं कधी पुसली नाहीत. तूही लिही आणि ऊठ. छप्पर गळतंय, तुझ्या छातीला सोसायचं नाही. एक बहीण तरी राहू दे मला.

लोभ आहे, तो नव्या पत्त्यावर घेऊन जा.
तुझी तामाए

हिरोशिमा, ३ जून

चि. तामाए हिस अनेक आशीर्वाद.

हलले बाई एकदाची. नव्या घरी वारा छान येतो. रस्त्याच्या मुकादमानं माझी पाटी जुन्या दारापाशी स्वतः रोवून दिली. रस्ता झाला की जवळच्या खांबाला बांधीन म्हणाला. भला माणूस. हसला नाही.

पाटीवर पत्ता लिहिला, तरी खाली जागा उरली. कुंचला धरून खूप वेळ बसले. मग एकदम वाटलं, पोर काळ्या केसांची बाई शोधत फिरेल. म्हणून खाली लिहिलं: फुसाको, आईचे केस पांढरे झालेत. समोरून निघून जाऊ नकोस.

सवडीनं ये.
तुझी ताई